गाडी बघायला जाताय? आधी मागे बसा!

नवी गाडी बघायला गेलात की सेल्समन तुम्हाला सगळ्यात आधी कुठे बसवतो? स्टिअरिंगसमोर. दार अलगद लागतं, भली मोठी स्क्रीन उजळते, सीट आपोआप पुढे सरकते, नव्या गाडीचा वास नाकात जातो... आणि दहा मिनिटांत आपण मनातल्या मनात ती गाडी घरासमोर लावूनही टाकतो. मंडळी, माझं सांगणं एवढंच आहे की पहिला अर्धा तास तिथे बसूच नका. मागे जा. आधी दुसऱ्या रांगेत, मग तिसऱ्या. चालवणार आपण असलो तरी आपल्यासारख्या घरांत गाडी घेतली जाते ती मागे बसणाऱ्यांसाठी.

आमच्याकडे मागे बसणारे तिघं. मुलगा नऊ वर्षांचा, बूस्टरवर. मुलगी तीन वर्षांची, कार सीटमध्ये. आणि वर्षाआड सहा महिन्यांसाठी येणाऱ्या सासूबाई. त्यांचं वय त्र्याहत्तर, गुडघ्यांचं विचाराल तर त्याहून दहा वर्षं जास्त. आमच्या आताच्या एसयूव्हीत दुसरी रांग मुलांच्या सीट्सनी भरते, म्हणून सासूबाई तिसऱ्या रांगेत. तिथे जायचं म्हणजे एक पाय वर, डोकं खाली, साडी सावरत, मधल्या फटीतून तिरकं होऊन. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला काही त्रास नाही गं, तुम्ही मुलांचं बघा." आपल्या आईवडिलांचं हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्या गाडीत चढताना हात कुठे धरतात ते बघायचं, एवढं मी ठरवलं होतं.

न्यू जर्सीत रविवारी गाड्यांची विक्री कायद्यानेच बंद असते. त्यामुळे शनिवारी सकाळी पोहे खाऊन सगळी वरात निघाली, दोन्ही सीट्स आणि सासूबाईंसकट. तीन ठिकाणी तीन मिनिव्हॅन बघितल्या: टोयोटा सिएना, होंडा ओडिसी आणि किया कार्निव्हल. तिन्हींमध्ये २०२५ च्या मॉडेलपासून काही ना काही बदललंय, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गाडीत बसला असाल तर तेवढ्यावर मत बनवू नका.

बाहेरचं रूप

मिनिव्हॅन म्हटलं की आमच्या घरात अजून थोडं नाक मुरडलं जातं. "म्हणजे आता आपण ऑफिशियली काका-काकू!" इति नवरा. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. किया तर अमेरिकेत कार्निव्हलला मिनिव्हॅन म्हणतच नाही, एमपीव्ही म्हणते. नवं कार्निव्हल समोरून बघितलं तर उभे दिवे, रुंद जाळी, सरळसोट बॉनेट. कुणीही एसयूव्हीच म्हणेल. ओडिसीचंही तोंड नवं झालंय. दिसायला छान आहे, मलाही आवडलं.

पण बाहेरच्या रूपाचा एक परिणाम आत होतो आणि तो ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. हल्ली बऱ्याच गाड्यांची खिडकीची खालची कड मागे जाता जाता वर चढत जाते. बाहेरून त्याने गाडी वेगवान वाटते. आत मात्र तिसऱ्या रांगेतल्या मुलाला खिडकीतून फक्त आकाश दिसतं. त्यात आतलं छतही काळं असेल तर गुहेत बसल्यासारखं. आता आठवा, गाडी कुणाला लागते? साधारण दोन ते बारा या वयातल्या मुलांना सगळ्यात जास्त. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची पाठ स्थिर दिसते. या दोघांचं जुळलं नाही की पोटात ढवळतं. बाहेरचा रस्ता दिसत असला तर त्रास कमी होतो. म्हणून मी मुलाला तिन्ही गाड्यांत तिसऱ्या रांगेत बसवून एकच प्रश्न विचारला, "समोरची पाटी दिसतेय का?" उत्तरं वेगवेगळी आली. तुमच्या मुलाची उंची वेगळी, त्यामुळे माझं उत्तर इथे देत नाही. तुम्ही तुमच्या मुलाला विचारा.

मागच्या टीव्हीचंही तेच. ओडिसीच्या वरच्या ट्रिममध्ये छताला १२.८ इंची स्क्रीन आहे. मुलं ती बघून तिथेच नाचायला लागली. पण ज्या मुलाला गाडी लागते त्याच्यासाठी स्क्रीनइतकी वाईट गोष्ट नाही.

स्क्रीन आणि बटणं

कार्निव्हलच्या वरच्या ट्रिममध्ये १२.३ इंचांच्या दोन स्क्रीन एकाच वळणदार काचेखाली जोडल्यात. सिएनातही आता वरच्या ट्रिममध्ये १२.३ इंची स्क्रीन आली आहे. ओडिसीची ९ इंची, त्या मानाने साधी, पण आवाजाला हाताने फिरवायचा गोल खटका आहे आणि एसीला खरी बटणं. त्याच ओडिसीत गिअरची दांडी मात्र नाही. तिथे बटणं दाबायची, आणि रिव्हर्ससाठी बटण मागे ओढायचं. सवयीचा भाग आहे, पण भारतातून येणारे बाबा कधी गाडी चालवत असतील तर हे त्यांना आधी दाखवा.

शोरूममध्ये स्क्रीनवर डोळे खिळतात, कारण तिथे गाडी उभी असते. रस्त्यावर मागून "आई, गरम होतंय" असा टाहो फुटतो तेव्हा तुम्ही तासाला ६५ मैलांनी जात असता. म्हणून एक सोपी परीक्षा. समोर बघत राहा, खाली न बघता तीन कामं करा: मागचा एसी वाढवा, काचेवरची वाफ घालवा, गाणं बंद करा. आम्ही बघितलेल्या एका गाडीत एसी आणि रेडिओला एकच पट्टी होती. आधी कुठला मोड चालू आहे ते बघायचं, मगच बोट लावायचं. हिवाळ्यात साधे हातमोजे घातले की काही स्क्रीन्सना बोट कळतच नाही, तेही तिथेच बघून घ्या.

ही फक्त आपली कुरकुर नाही. युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना प्रत्यक्ष बटणं असण्याला महत्त्व दिलंय. नसतील तर पूर्ण गुण नाहीत. म्हणजे बटणं जुनाट नव्हेत, हे आता परीक्षकही म्हणताहेत.

दुसरी आणि तिसरी रांग

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपल्या कार सीट्स घेऊन जा आणि खरोखर बसवून बघा. कुठलाही बरा सेल्समन नाही म्हणत नाही. अँकर कुशनच्या फटीत खोल गेलेले असतात की चटकन सापडतात? अमेरिकेत त्याला लॅच म्हणतात, इंग्लंडात आणि आखातात आयसोफिक्स. सीट बसवल्यावर मागे जायला वाट उरते का?

ओडिसीच्या बहुतेक ट्रिम्समध्ये मधली खुर्ची काढली की दुसऱ्या रांगेतल्या सीट्स आडव्याही सरकतात, त्यामुळे कार सीट न काढता वाट करता येते. त्या सीट्स पूर्ण बाहेरही काढता येतात. सिएनातल्या दुसऱ्या रांगेच्या सीट्स मागेपुढे खूप सरकतात, पण बाहेर निघत नाहीत, कारण त्यांच्यात एअरबॅग बसवलेल्या आहेत. मंडळाच्या गणपतीचं मखर, ढोल आणि लोकांच्या जेवणाची पातेली नेणारे कार्यकर्ते तुम्हीच असाल तर हा फरक तुमच्यासाठी मोठा आहे. दुसरीकडे, सिएना फक्त हायब्रिडमध्येच येते आणि पेट्रोल बरंच कमी खाते, तेव्हा रोज ऑफिसला दूर जाणाऱ्याचा हिशोब वेगळा होईल. सिएनात २०२५ पासून मागे कुणी राहिलंय का हे रडारने ओळखून सावध करणारी सोयही आली आहे. मागे झोपलेलं बाळ विसरलं जाण्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात येतात. त्यापुढे फ्रिज आणि व्हॅक्यूम क्लिनर, जे वरच्या ट्रिममध्ये मिळतात, ते मला नुसती हौस वाटले. बरं, व्हॅक्यूम बघून नवऱ्याचे डोळे चमकले हे खरं आहे. आमच्या गाडीत शेव-चिवडा किती सांडलेला असतो ते त्यालाच माहीत.

आणि सासूबाई? तिन्हींची दारं सरकती, पायरी एसयूव्हीपेक्षा खाली. हा मिनिव्हॅनचा खरा गुण, आणि फोटोत तो दिसत नाही. पण दाराजवळ हाताला धरायला काय आहे, कुठल्या उंचीवर आहे, ते प्रत्येकीत वेगळं होतं. एका गाडीत त्यांनी चढताना समोरच्या सीटचं डोकं धरलं. दुसरीत दांड्याला हात घातला आणि कुणाची मदत न घेता बसल्या. मग पट्टा स्वतः ओढला, खटकन लावला, आणि म्हणाल्या, "अगं, इथून मला पोरीचं तोंड दिसतंय." तिसऱ्या रांगेत सहा महिने त्यांना नातीच्या सीटची पाठ दिसत होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं. तक्रार म्हणून नाही, सहज.

रंग आणि कापड

शोरूमच्या दिव्यांत फिक्या क्रीम रंगाच्या सीट्स फार सुंदर दिसतात. आपल्या घरात हळद आहे. एवढंच बोलते. चकचकीत काळं प्लास्टिकही पहिल्या दिवशीच शोभतं, नंतर त्यावर बोटांचे ठसे आणि धूळ. आखातात राहणाऱ्यांनी उलट बाजूही बघावी: काळ्या सीट्स उन्हात तापतात, तेव्हा थंड हवा सोडणाऱ्या सीट्स आणि तिसऱ्या रांगेपर्यंत एसीची झडप आहे का ते तपासा. नव्या गाडीचा वास म्हणजे प्लास्टिक आणि गोंदातून निघणारी रसायनं. मुलाला त्याने मळमळत असेल तर पहिले काही आठवडे काचा खाली करून फिरवा.

शेवटची एक गोष्ट. शोरूमच्या मध्यभागी उभी असते ती बहुतेक वेळा सगळ्यात वरची ट्रिम. तुम्ही जिच्यात बसून भारावता ती एक आणि तुमच्या बजेटमध्ये येते ती दुसरी. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर किंमत आणि सामग्रीची यादी लावणं १९५८ च्या कायद्याने सक्तीचं आहे. तो कागद ओळीने वाचा, आणि जी ट्रिम घ्यायची आहे नेमक्या तिच्यातच सगळ्यांना बसवा. ती त्यांच्याकडे नसेल तर सरळ दुसऱ्या डीलरकडे जा.

आम्ही अजून पैसे भरलेले नाहीत, त्यामुळे कुठली घेतली ते विचारू नका. पण यादीतला पहिला निकष ठरलाय: सासूबाई दुसऱ्या रांगेत, नातीशेजारी. नवी गाडी आमच्याकडे निदान दहा वर्षं राहील. तोवर मुलगा बूस्टर सोडून स्टिअरिंगमागे बसेल, मुलगीही पुढे येईल. सासूबाईंच्या अजून किती फेऱ्या होतील, ते त्यांच्या गुडघ्यांवर आणि व्हिसावर. त्यांच्या जागेचा विचार आत्ताच करायला हवा.

तुमचे आईबाबा आत्ता इथे असतील तर त्यांना घेऊनच जा. इथे नसतील तर कागदावर सही करायच्या आधी, त्यांच्या वयाचं कुणी ओळखीचं असेल त्यांना एक चक्कर मारून आणा. आणि ते "काही त्रास नाही" म्हणाले, तरी त्यांच्या हातांकडे बघा.