देवघरातील चेहरा

जालन्याच्या सदर बाजारातील एका जुन्या घरात, देवघराच्या भिंतीवर, राजा रविवर्म्याची लक्ष्मी आहे. शिळामुद्रणाचे रंग उतरले आहेत. काच एका कोपऱ्यात तडकली आहे. त्या घरातील निवृत्त मराठीच्या प्राध्यापकांच्या आईने साठेक वर्षे रोज सकाळी त्या काचेवर कुंकवाचे बोट टेकवले. तिच्या लेखी ते चित्र नव्हतेच, लक्ष्मी होती.

रणजित देसाईंची ‘राजा रविवर्मा’ प्राध्यापक वर्गात शिकवीत. सुगंधेपाशी आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, ही बाई खरी होती का?’ त्यांनी चरित्रात्मक कादंबरीतील कल्पिताच्या अधिकाराविषयी तासभर विवेचन केले. प्रश्नाला आपण बगल दिली, हे त्यांना जाणवले ते फार उशिरा. २०१४ साली प्रदर्शित झालेला, त्याच कादंबरीवर आधारलेला केतन मेहतांचा ‘रंगरसिया’ पाहिल्यानंतर.

चित्रपट कलावंताच्या स्वातंत्र्याची बाजू घेतो आणि ती न्याय्यही आहे. ज्यांना मंदिराचा उंबरठा वर्ज्य होता त्यांच्या घरी छापखान्याने देव पोहोचवला, हा त्यातील युक्तिवाद सहजी खोडता येणार नाही. मात्र अश्लीलतेच्या खटल्यात सुगंधा अखेर पुरावाच ठरते. कलावंताला ती प्रेरणा हवी, समाजाला ती दोषी हवी. तिसरी जागा तिला संहितेत नाही.

इतिहासातही हेच घडते. रविवर्म्याच्या चित्रांमागील स्त्री म्हणून गायिका अंजनीबाई मालपेकर ह्यांचे नाव सांगितले जाते. त्यांचा जन्म १८८३चा. त्यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘चांदण्यातील स्त्री’ ह्या चित्राचे साल मात्र १८८९ दिले जाते. सहा वर्षांची मुलगी त्या प्रौढ चेहऱ्यामागे कशी असेल, हा हिशेब आख्यायिकेने मांडलाच नाही. भेंडीबाजार घराण्याच्या ह्या गायिकेने कुमार गंधर्वांना विद्या दिली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणारी ती पहिली स्त्री होती. तरीही चित्रकलेच्या चर्चेत तिची ओळख एका चेहऱ्यापुरती उरते.

‘प्रेरणा’ हा शब्द गौरवाचा वाटतो. प्रत्यक्षात तो श्रम झाकतो. तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे, अंग अवघडले तरी पदर न हलवणे, हे काम आहे. ते केले कुणी, त्याचा मोबदला काय मिळाला, असे प्रश्न चरित्रपटाला पडत नाहीत. कारण त्याला प्रेमकथा हवी असते.

आई गेल्यानंतर प्राध्यापकांनी एकदा ती काच पुसायला घेतली. कुंकवाचा थर कपाळापासून पार भुवयांपर्यंत उतरला होता. तो काढला तर आईची साठ वर्षे पुसली जातील. ठेवला तर खालचा चेहरा दिसणार नाही. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्यांना तेव्हा पुन्हा आठवला. त्यांनी फडके बाजूला ठेवले, आणि कितीतरी वेळ ते त्या तसबिरीसमोर बसून राहिले.