मुदतवाढ मिळणेबाबत

सरकारी कचेरीत वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला 'मुदतवाढ' हा शब्द सकाळच्या चहासारखा रोज भेटतो. टेबलावर येणाऱ्या दहा अर्जांतले दोन-तीन तरी ह्याच मथळ्याचे. विषय : मुदतवाढ मिळणेबाबत. हे 'णेबाबत' म्हणजे आम्हा कारकुनांची खास मिरास! मराठी घेऊन बीए केलं तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी असली रूपं वहीत लाल शाईने खोडली असती. आता मीच ती दिवसातून चार वेळा लिहितो.

गोव्यात बहुतेक अर्ज इंग्रजीत येतात. 'आय बेग टू स्टेट' पासून सुरू होऊन 'अँड ओब्लाईज' पाशी संपणारे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते, म्हणून अधूनमधून मराठी अर्जही येतात. पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे जास्त. त्यांत 'सबब' हा शब्द हमखास असतो. 'सबब मेहेरबानांनी पंधरा दिवसांची मुदत द्यावी.' अर्जात सबब म्हणजे कारण, आणि बोलताना 'सबबी सांगू नकोस' म्हटलं की तीच सबब लटकी ठरते. एकाच शब्दाची ही दोन तोंडं बघून मला नेहमी गंमत वाटते. मागणाऱ्याला जे कारण वाटतं, ते देणाऱ्याला निमित्त वाटतं. टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलात त्यावर सगळं.

माझ्या बाजूने पाहिलं तर माणसं दोन प्रकारची. मुदत संपायच्या आधी येणारी आणि संपल्यावर येणारी. कायदाही ह्या दोघांना एका मापाने मोजत नाही. अपिलाला उशीर झाला तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात पाचवं कलम आहे. पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण तिथे शब्द 'माफी'चा येतो. आधी आलेल्याला माफी मागावी लागत नाही, तो नुसता वेळ मागतो. आणखी एक बारकावा अनुभवाने सांगतो. आधी आलेला माणूस बहुधा तारीख सांगतो. नंतर आलेला 'लवकरच' म्हणतो.

असो. हे सगळं आठवायचं कारण, मध्यंतरी मला स्वतःलाच अशी मुदतवाढ मागावी लागली. ती सरकारकडे नव्हे, म्हापशाच्या एका दुकानात.

माझे थोरले काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. घरातच पडले, खुब्याचं हाड मोडलं. गोमेकॉत शस्त्रक्रिया झाली. घरी सोडतील तेव्हा लागेल म्हणून सोमवारी मी व्हीलचेअर विकत घेतली. सात हजार दोनशे रुपये, वर टेंपोचे तीनशे. पैसे काकीचे. आम्ही पुतणे देतो म्हणालो, तर तिने ऐकलं नाही. पेन्शनमधून साठवलेले होते, तेच तिने दिले. खोकं डिचोली तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी जाऊन पडलं. गुरुवारी काका गेले.

खोकं ओसरीवर तसंच उभं. मंडळी भेटायला येत होती, खुर्च्या पुरत नव्हत्या, कुणीतरी चहाचा ट्रे त्या खोक्यावर ठेवला आणि मग तो तिथेच राहिला. येणारा प्रत्येकजण खोक्यावर छापलेलं चाकाच्या खुर्चीचं चित्र बघायचा आणि मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकीने मला आत बोलावलं. म्हणाली, "तें खोकं माझ्या नजरेसमोरून ने. आणि पैसे परत आण."

मी बिल काढून पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं : न वापरलेली वस्तू, मूळ खोक्यात, बिलासह, सात दिवसांत. कारकुनाच्या खोडीप्रमाणे मी लगेच दिवस मोजले. 'अमुक दिवसापासून इतके दिवस' असं म्हटलं की पहिला दिवस धरायचा नसतो आणि शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम वेळेत धरतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टची ही नववी-दहावी कलमं मला तोंडपाठ आहेत. पण तो कायदा कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी, बिलामागच्या मजकुरासाठी नव्हे. कसंही मोजलं तरी मुदत येत्या सोमवारी संपत होती. आणि आमचं तेरावं होतं त्याच्या पुढच्या मंगळवारी.

आता तुम्ही म्हणाल, सुतक असलं म्हणून काय झालं, एक खोकं नेऊन द्यायला किती वेळ लागतो? माझ्या एका मित्रानेही हेच विचारलं. सुतकात व्यवहार करायचा नाही, हे मी कितपत मानतो हा वेगळा विषय. पण ज्या घरात रोज माणसं येतात, जिथे क्रियेला बसलेला चुलतभाऊ उंबरठ्याबाहेर जाऊ शकत नाही आणि बाकीच्यांच्या पायांना उसंत नाही, त्या घरातून भर दुपारी सगळ्यांच्या देखत ते खोकं गाडीत चढवायचं आणि पैसे मागायला म्हापशाला न्यायचं, हे मला जमणारं नव्हतं. काकीला पैसे परत हवे होते, तेही ह्या दिवसांत नको होते.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. एक नातेवाईक म्हणाले, कुठल्यातरी आश्रमाला देऊन टाका, पुण्य लागेल. दुसऱ्याच्या पैशांनी पुण्य करायला सांगणारी माणसं प्रत्येक घरी असतात. दुसऱ्याने, जरा खालच्या आवाजात, सांगितलं, "चाकात दोष आहे म्हणून सांग. ग्राहक कायद्याने तीस दिवसांत घ्यावीच लागते."

हे अर्धं खरं आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, तो आधीच्या १९८६ च्या कायद्याच्या जागी. त्यात सदोष वस्तू परत घ्यायला, पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मुदत किती? बिलावर दिली असेल ती, आणि बिलावर काहीच नसेल तर तीस दिवस. आमच्या बिलावर सात दिवस छापलेले होते, म्हणजे तीस दिवसांचा प्रश्नच नव्हता. शिवाय हे सगळं सदोष वस्तूसाठी. धडधाकट वस्तू आपल्याला नकोशी झाली म्हणून दुकानदाराने परत घेतलीच पाहिजे, असं हा कायदा सांगत नाही. ती सात दिवसांची सोय दुकानदाराने आपण होऊन दिलेली होती. तिच्यात वाढ मागायची तर हक्काचा आवाज कुठून काढणार?

आणि खोटं बोलायचं तर काय बोलायचं? खुर्चीत दोष नव्हता. खुर्ची चांगलीच होती. बसणारा माणूस गेला होता.

मग शनिवारी, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी, मी फोन केला. फोन कोंकणीतून, कारण दुकानात आम्ही दुसऱ्या भाषेत बोलतच नाही. पण काय बोलायचं ते आदल्या रात्री मराठीत लिहून काढलं होतं. गोव्यात माझ्यासारख्या पुष्कळांचं असंच चालतं. बोलणं एका भाषेत, कागद दुसऱ्या भाषेत. फोन कुणी उचललाच नाही. दुपारची वेळ, म्हापशात दीड ते साडेतीन दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असणार हे माझ्या लक्षात यायला हवं, पण त्या दिवसांत घड्याळाकडे कोण बघतो. तेव्हा बिलावरच्या नंबरावर लिहिलेलंच पाठवून दिलं :

'नमस्कार. सोमवारी आपल्याकडून घेतलेली व्हीलचेअर ज्यांच्यासाठी होती ते माझे काका गुरुवारी वारले. खोकं उघडलेलं नाही. बिलाचा फोटो सोबत आहे. परत करायची मुदत येत्या सोमवारपर्यंत आहे, पण घरची कार्यं त्याच्या पुढच्या मंगळवारपर्यंत चालतील. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मी स्वतः घेऊन येईन. एवढी सवड देता आली तर उपकार होतील. शक्य नसेल तर मोकळेपणी कळवा, म्हणजे सोमवारच्या आत पाठवायची काहीतरी व्यवस्था करतो.'

'मुदत' लिहिलं होतं ते खोडून मी 'सवड' केलं. मुदत कागद देतो, सवड माणूस देतो. मृत्यूबद्दल एकच वाक्य ठेवलं. पहिल्या खर्ड्यात काकांचं वय, ऑपरेशन, काकीची अवस्था असं सगळं होतं. ते वाचलं आणि वाटलं, ह्या माणसाने आमच्याकडे एक खुर्ची विकली आहे, त्याला आमच्या दुःखात पाटावर का बसवायचं? रडून दाखवून मिळवलेली मुदत मी टेबलापलीकडून पुष्कळ पाहिली आहे. ती देताना देणाऱ्याच्या मनात कुठेतरी चीड राहते.

शेवटच्या वाक्यावर चुलतभावाने आक्षेप घेतला. 'शक्य नसेल तर' म्हणून तूच त्याला पळवाट दिलीस, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, नाही म्हणायची वाटच ठेवली नाही तर ती विनंती कसली, नोटीस झाली.

चार वाजता त्यांचाच फोन आला. आधी गप्प. मग म्हणाले, "बाब, बारावो जातकच येयात. हांव बिलाचेर बरोवन दवरतां." बारावा झाला की या, बिलावर लिहून ठेवतो. मी दोनदा उपकार मानले. त्यांनी काकांचं गाव विचारलं, देऊळ विचारलं, आणि ओळख कुठे लागते का ते पाहिलं. लागली नाही.

लहानपणी गावच्या पसरकाराकडे असल्या गोष्टींना फोन लागत नसे. चवथीला देतो म्हणून नेलेलं सामान, चवथ गेली तरी वहीत राहायचं. आजोबा दुकानासमोरून जाताना नुसतं थांबायचे आणि पसरकार म्हणायचा, असूं, मागीर. पण ती मुदत तोंडावर मिळायची, ज्याचं तोंड गावाला माहीत त्यालाच. मळ्यात मजुरीला येणाऱ्या बायकांना तो तसं 'मागीर' म्हणताना मी कधी ऐकलं नाही. बिलामागच्या सात दिवसांचं एक बरं आहे, ते सगळ्यांना सातच असतात.

बुधवारी अकराला मी खोकं घेऊन पोचलो. त्यांनी चिकटपट्टी पाहिली, नंबर जुळवला. ट्रेच्या कडेचा एक गोल डाग वर उमटला होता, तो त्यांनी ओल्या फडक्याने पुसला, विचारलं काही नाही. मग समजलं की मधल्या काळात महिना उलटला होता. विक्री एका महिन्यात, परतावा दुसऱ्यात, म्हणून जीएसटीसाठी क्रेडिट नोट करायला लागली. त्यांना वरच्या डिस्ट्रिब्यूटरनेही माल परत करायला मुदत घातलेली असते. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते, कॉम्प्युटरवर बोटं चालवता चालवता बोलत होते. त्याच ओघात म्हणाले, गेल्या आठवड्यात ह्याच मापाची खुर्ची मागायला एकजण आला होता, तातडीची होती, माझ्याकडे नव्हती, दुसरीकडे गेला.

ह्यावर मला काय बोलावं ते सुचलं नाही. आमच्या सवडीचा हिशेब कुणाच्या तरी खात्यावर पडला होता, आणि त्यांनी फोनवर त्याचा उच्चारही केला नव्हता. मी पुन्हा उपकार मानले. ते म्हणाले, "कसलें उपकार", आणि नोट छापायला घातली.

सात हजार दोनशे काकीच्या खात्यात जमा झाले. संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. तिने चष्मा लावला, काकांच्या औषधांचा खर्च लिहायची वही काढली आणि विचारलं, "तीनशे?"

"ते टेंपोचे. टेंपो आला होता ना आपल्याकडे, त्याचे पैसे कसे परत मिळतील?"

तिला ते पटलं. शेवटच्या इंजेक्शनाच्या खाली तिने लिहिलं, टेंपो ३००.