नाकावरची गोळी

नातवाचं बाल्साचं ग्लायडर सोनाराच्या काट्यावर ३८ ग्रॅम भरलं. पण नुसतं वजन कळून भागत नाही. तोल कुठं आहे तेही पाहावं लागतं. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर हवा. माझी बोटं हल्ली थरथरतात, म्हणून दोन पेन्सिली उभ्या करून त्यांच्या रबरांवर पंख टेकवले. शेपूट खाली! असं विमान नाक वर काढतं, वेग गमावतं आणि आपटतं.

शेपटीवर त्यानं ऑइलपेंटनं आजीचं नाव रंगवलंय. ते खरवडायचं नाही, यावर आमचं एकमत. नाक आखूड, शेपूट लांब. मागच्या एका ग्रॅमला पुढे दोन-तीन लागतात (सी-सॉ आठवा). नाकाला क्लेची गोळी लावली. ४३ ग्रॅम.

"आबा, जड झालं ना?"

झालं खरं. वारा पडला की मैदानावर निघतोय.