दर्जा

जुन्या बाथरूमच्या कामाला गेलो की मी आधी बोलत नाही, वाजवत फिरतो. करणीची मूठ एकेका टाईलवर हलकेच मारायची आणि ऐकायचं. मागे माल भरलेला असला तर आवाज टणक येतो, सुटला असला तर पोकळ. फणस पिकला की नाही हे आमच्याकडे वाजवूनच बघतात, तसंच हे. तीस वर्षं गवंडीकाम केल्यावर आता टाईलचा रंग मला नंतर दिसतो, आवाज आधी ऐकू येतो.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी झाल्यावर चौल-रेवदंड्याकडच्या एका घरात मी असाच वाजवत होतो. घर १९८८ सालचं, निवृत्त गुरुजींचं. बाथरूम पाच फूट बाय आठ फूट. चार फुटांपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाईल, त्यावर हिरवा ऑइलपेंट, खाली मोझॅक, कोपऱ्यात बैठा संडास, साबण-तेल ठेवायला कडाप्प्याची फळी. दोन भिंती भरीव वाजल्या. नळाच्या आणि आंघोळीच्या बाजूच्या दोन्ही पोकळ. पलीकडच्या झोपायच्या खोलीत त्याच भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा लागलेला.

गुरुजींचं बजेट ८५ हजारांचं. मुलीने मुंबईहून फोनवर फोटो पाठवले होते: काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा शॉवर, काळे नळ. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "मिस्त्री, मला खाली बसवत नाही आता. कमोड पायजे. आणि दिवाळीची पहिली आंघोळ नव्या न्हाणीत झाली पायजे." एवढं सांगून त्या चहा टाकायला गेल्या. मला कामाची खरी यादी त्यांच्याकडून मिळाली.

फरशी फोडली तेव्हा खालचे विटांचे तुकडे काळे पडलेले निघाले, ओले, वास मारणारे. भिंतीतला जीआयचा पाइप काढला तर हातातच पापुद्रे सुटले. अर्ध्या इंची पाइपातून पाण्याला जायला पेन्सिलीएवढी वाट उरली होती. गुरुजी म्हणाले, "पाण्याला जोर नाही म्हणून मी गेल्या वर्षी वरची टाकी बदलली." टाकीत काही दोष नव्हता.

आमच्या किनाऱ्यावर घराचा शत्रू पाऊस आहे असं सगळे मानतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो, त्यामुळे मानणारच. पण पाऊस येतो आणि जातो. मीठ राहतं. वारा खारा, उन्हाळ्यात कित्येक विहिरी मचूळ होतात, आणि त्या काळी बांधकामाला खाडीची रेती सर्रास वापरायचे. ती किती धुतली होती हे देव जाणे. भिंतीत ओल चढते, सुकते, मीठ मागे राहतं. त्याचे खडे बनताना फुगतात आणि गिलावा आतून ढकलतात. लोणा म्हणतात तो हाच. त्यावर रंग मारणं म्हणजे रंगाचे पैसे जाणं. लोखंडाचं तर आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो भोवतालचं काँक्रीटही फोडतो.

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार, तिच्यामुळे तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम इकडे आणलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजणीत गडबड नको म्हणून ती इमारत लोखंड टाळून बांधली. बांधणाऱ्यांचं कारण निराळं होतं, पण तिथून जाताना मला दर वेळी वाटतं की आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला हे पथ्य मानवेल. घर तसं बांधता येत नाही. बाथरूममध्ये मात्र पुष्कळ पाळता येतं. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी. स्क्रू आणि दांड्या स्टीलच्या घ्यायच्या तर ३१६ ग्रेडच्या, कारण तिच्यात मॉलिब्डेनम असतं आणि ती खाऱ्या हवेला टिकते. दुकानात साधारण ३०४ मिळते, तिच्यावर इथे लवकर तांबूस डाग पडतात. नळ हातात घेऊन वजन बघायचं. पितळ जड लागतं. वरून चकचकीत आणि हाताला हलका लागणारा नळ मी परत ठेवतो.

माझ्या आजीची न्हाणी मागीलदारी होती. माडाच्या झापांचा आडोसा, पायाखाली दगड, चुलाणावर तांब्याचा हंडा. पाणी अंगावरून उतरलं की पन्हळीने अळूत, तिथून केळीला. गळतीचा प्रश्नच नव्हता, कारण पाण्याला कुणी अडवलेलंच नव्हतं. मग न्हाणी घरात आली. भिंतींच्या मध्ये पाणी कोंडलं आणि त्याला बाहेर जायला एकच भोक ठेवलं. त्या भोकाखालच्या जाळीच्या भांड्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. मराठी न येणारा दुकानदारही हेच नाव घेतो. आपल्या न्हाणीचा शब्द धंद्यात एवढा लांब गेला, याचा मला अभिमान आहे. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठलेलं राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. मुंबईकरांची घरं इकडे महिनोन्‌महिने बंद असतात, ते पाणी उडून जातं, मग घर उघडल्यावर वास येतो आणि लोक मला फोन करतात. एक तांब्या पाणी ओता, एवढंच सांगतो.

नवी न्हाणी करताना मी सगळा जीव उतारात घालतो. फुटाला एक सूत, ट्रॅपजवळच्या शेवटच्या फुटात दोन सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतं. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा काढायचा, कारण काटकोनातच चीर पडते. वाट्यावर जाळी, मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, एक आडवा, एक उभा. जमिनीपासून भिंतीवर फूटभर, आंघोळीच्या बाजूला सहा फूट. पाइप जिथे फरशीतून वर येतो तिथे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं. पाणी पसरट जागेतून क्वचित जातं, ते कडेने आणि भोकाभोवतीने जातं.

हे सगळं झाल्यावर ट्रॅप बोळ्याने बंद करून न्हाणी पाण्याने भरायची आणि ४८ तास हात लावायचा नाही.

हे मी एकदा केलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती चार दिवसांवर आलेले, घरचे घाईला आलेले, मीही दुसरं काम धरलं होतं. पाणी न भरताच टाईल लावली. पुढच्या पावसात पलीकडच्या देवघराच्या भिंतीला ओल आली आणि त्यांना देव माजघरात हलवावे लागले. मी माझ्या पैशांनी सगळं फोडून पुन्हा केलं. घरातल्या काकी मला एक शब्द बोलल्या नाहीत. रोज दुपारी चहा मात्र दिला. पैसे भरून निघाले, तो चहा अजून आठवतो. तेव्हापासून पाणी भरल्याशिवाय मी एकही टाईल लावलेली नाही, मालकाने कितीही घाई केली तरी.

गुरुजींनी वही काढली. ८५ पैकी ३८ हजार टाईलच्या खाली जाणार, हे त्यांनी दोनदा बेरीज करून बघितलं. "जे दिसणार नाही त्यावर एवढे?" मी त्यांना झोपायच्या खोलीत नेलं आणि लोणा लागलेल्या भिंतीवर हात ठेवायला सांगितला. वही मिटली.

मग बाकीचं बसवायला सोपं गेलं. संडासाची जागा हलवली नाही. बाहेर जाणारा पाइप होता त्याच ठिकाणी ठेवला आणि त्याला जुळेल असा कमोड घेतला. जागा बदलायची म्हणजे बाहेरची चेंबरही फोडावी लागली असती. भरीव वाजलेल्या दोन भिंती फोडल्याच नाहीत, जुन्या टाईल घासून त्यावर चिकट माल लावून नव्या बसवल्या. मलबा निम्मा झाला. जमिनीवर मात्र टाईलवर टाईल कधीच करत नाही, खालचा रोग तसाच राहतो आणि उंबऱ्याची उंची जाते. गिझर जुनाच ठेवला, आतला मॅग्नेशियमचा रॉड संपला होता तेवढा बदलला. आमच्या पाण्याला तो दर एक-दोन वर्षांनी बघायला हवा, लोक टाकी सडेपर्यंत बघत नाहीत. काचेचं पार्टिशन गेलं. मचूळ पाण्याचे पांढरे डाग पुसायला रोज एक माणूस लागला असता. त्या पैशांत काकूंसाठी भिंतीत पक्की रोवलेली धरायची दांडी आली आणि गिझरला वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर. टाईल मोरबीच्या, साध्या. जमिनीची खरखरीत, ओल्या पायाला धरणारी. कडाप्प्याची फळी मी काढून, घासून परत लावली. छत्तीस वर्षांत तिला काही झालं नव्हतं.

एका गोष्टीवर मुलीशी फोनवर बोलावं लागलं. तिला दोन टाईलमध्ये फट नको होती, सगळं एकसंध हवं होतं. मी तिला म्हटलं, ताई, तीन मिलिमीटर तरी सोडू द्या. टाईल गरम पाण्याने फुगते, तिला जागा लागते, आणि फट असली तरच त्यात माल आतपर्यंत भरता येतो. जमिनीला आणि आंघोळीच्या भिंतीला इपॉक्सी भरलं, ते पाणी पीत नाही. बाकी ठिकाणी साधं ग्राउट, कारण इपॉक्सी महाग. ह्या फटींना आम्ही गवंडी दर्जा म्हणतो. 'दर्जा भरल्या का?' असं विचारतो.

मुरूडच्या समुद्रात पद्मदुर्ग आहे, आम्ही कासा म्हणतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी तो बांधला. वडील मला लहानपणी होडीने तिथे घेऊन गेले होते. तेही गवंडी, चुन्याच्या घाणीपासून काम शिकलेले. त्यांनी मला तटाजवळ उभं केलं. लाटांच्या बाजूचे दगड समुद्राने खाऊन आत गेले आहेत, खोलगट झाले आहेत. दगडांच्या मधला चुना मात्र तसाच पुढे उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. वडिलांनी त्या चुन्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बघ, दर्जा राह्यल्या." साडेतीनशे वर्षं होत आली त्या कामाला. भरणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. मी कुठल्याही बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून फटी भरतो तेव्हा मला तो तट दिसतो.

गुरुजींच्या न्हाणीत सोमवारी संध्याकाळी पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून तिच्यातही रेघ मारली, म्हणजे हवेने किती उडालं ते कळतं. गुरुजी दर दोन तासांनी फूटपट्टी घेऊन बघत होते. बुधवारी संध्याकाळी न्हाणीतलं पाणी बादलीइतकंच उतरलं होतं, केसभर. पलीकडची भिंत कोरडी. मग ते पाणी सोडलं. आंघोळीचा पाइप आम्ही संडासापासून वेगळा काढला होता, ते पाणी मागच्या दोन माडांच्या आळ्यात गेलं.

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी तांब्याचा हंडा नव्या न्हाणीत ठेवला, त्याला झेंडूची माळ घातली, पाणी भरलं. पहाटे नव्या फरशीवर कारीट फोडलं. बिया दर्जांमध्ये अडकल्या नाहीत, पाण्याबरोबर निघून गेल्या, हे त्यांनीच मला फोन करून सांगितलं.

तुमच्याकडे असं काम निघालं तर टाईल लावण्याआधी न्हाणी दोन दिवस भरून ठेवायला सांगा, आणि त्या दोन दिवसांचा रोज गवंड्याला द्या. तो बुडतो म्हणूनच पुष्कळ जण पाणी भरत नाहीत.