अम्मी, आपण कोणाच्या बाजूने होतो?

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ प्रदर्शित झाला. नववीतला माझा मुलगा शनिवारी वर्गमित्रांबरोबर तो पाहून आला. एरवी सिनेमा पाहून आला की मारामारीचे प्रसंग करून दाखवणारा पोरगा त्या रात्री गप्पच होता. जेवताना हळूच म्हणाला, “अम्मी, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने होतो?”

मी शाळेत शिकवते, पण घास हातातच राहिला.

संभाजी महाराजांना औरंगजेबाने १६८९ मध्ये हाल हाल करून मारले, हे खरे आहे. ते दाखवू नका असे कोणी म्हणू नये आणि औरंगजेबाची वकिलीही आपण करू नये. पण त्या बादशहाच्या कृत्याचा बोजा आज पुण्यातल्या एका शाळकरी पोराला आपल्या डोक्यावर का वाटावा?

कारण पडद्यावर दोन राज्यांची लढाई दोन धर्मांची होऊन जाते. ‘तान्हाजी’ (२०२०) मधला उदयभान आठवा. सिंहगडाचा हा मोगल किल्लेदार रजपूत, म्हणजे हिंदू. सिनेमात मात्र त्याचा पोशाख, त्याचे हसणे, खाणे असे रंगवले आहे की प्रेक्षकाला तो दुसऱ्याच धर्माचा वाटावा.

रविवारी आम्ही दोघे पुस्तके काढून बसलो. १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणाऱ्या मोगल मोहिमेचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग. १६६० मध्ये पन्हाळा वेढणारा सिद्दी जौहर. आणि तो वेढा फोडायला नेतोजी पालकरांबरोबर धावून गेला तोही सिद्दीच, सिद्दी हिलाल. त्या लढाईत हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होते, फारसी पत्रव्यवहाराला काझी हैदर होते. ही माणसे दाखवता येत नाहीत असेही नाही. ‘पानिपत’ (२०१९) मध्ये इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढताना दिसतोच.

“म्हणजे आपण दोन्हीकडे होतो?”

“हो. आणि तेही दोन्हीकडे होते.”

थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “मग अम्मी, अर्तुग्रुलमध्येपण असंच असेल?”

आता गप्प बसायची पाळी माझी होती. लॉकडाऊनमध्ये ती तुर्की मालिका उर्दूत आम्ही घरभर बसून पाहिली होती. त्यातले बहुतेक ख्रिस्ती सरदार कपटी आणि क्रूर. तेव्हा आम्हाला काहीच खटकले नव्हते. एखाद्या कौमच्या वैरापायी इन्साफ सोडू नका, ही सूरह माइदाची शिकवण. ती फक्त दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी नाही, हे पोराने मला शिकवले.

सोमवारी शाळेतून तो हसतच आला. डबा खाताना त्याने मित्रांना वाहवाहची गोष्ट सांगितली होती. सगळ्यांनी ऐकून घेतली आणि एकजण म्हणाला, “अरे, मग याच्यावर पिक्चर का नाही काढत?”