पाचव्या सामन्याची वाट

टेबल टेनिसचं एकेरी विजेतेपद मी आवडीनं बघतो, पण जीव गुंततो तो सांघिक अजिंक्यपदात. एकेरीत हरलेला खेळाडू हस्तांदोलन करतो, टॉवेल गुंडाळतो आणि बॅग उचलून चालायला लागतो. सांघिक लढतीत त्याला तसं जाता येत नाही. घाम पुसत परत बाकावर येऊन बसायचं आणि चार-पाच मिनिटांत दुसऱ्याच्या गुणासाठी टाळ्या वाजवायच्या. आपलं हरणं बाजूला ठेवून वाजवलेल्या त्या टाळ्या मला या खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटतात.

लढत पाच एकेरी सामन्यांची. तीन जिंकले की संपली. प्रत्येक संघातून उतरणाऱ्या तिघींतल्या दोघींवर दोनदा खेळायची वेळ येऊ शकते, तिसरीवर एकदाच. कोणाला कुठल्या क्रमांकावर उतरवायचं हे समोरच्यांचे पत्ते न बघता लिहून द्यायचं असतं. म्हणजे पहिली सर्व्हिस पडण्याआधीच एक डाव खेळून झालेला असतो. तो डाव ओळखण्यात आम्हा चाहत्यांचा निम्मा आनंद.

१६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण कोरियातलं बुसान. सांघिक जागतिक अजिंक्यपदात भारताच्या मुलींची सलामीच चीनशी. महिलांच्या टेबल टेनिसमध्ये चीनसमोर उतरणं म्हणजे काय हे या खेळाच्या माणसाला सांगावं लागत नाही. भारतानं पहिल्या सामन्याला अयहिका मुखर्जीला पाठवलं. ती बंगालमधल्या नैहाटीची, जागतिक क्रमवारीत १५५वी. समोर सुन यिंग्शा, अव्वल क्रमांकाची, आदल्याच वर्षीची जगज्जेती.

इथं अयहिकाच्या बॅटकडे जरा जवळून बघायला हवं. तिच्या बॅकहँडच्या बाजूला अँटी-स्पिन रबर असतं. नेहमीचं रबर चेंडूला धरतं आणि फिरकी देतं. हे गुळगुळीत रबर त्याला धरतच नाही. समोरचीनं जीव तोडून टॉपस्पिन मारला, तरी तिची फिरकी पुसली जात नाही. चेंडू वेग टाकून संथ परततो आणि तीच फिरकी आता मारणारीच्या बॅटवर उलटी येते. ती जितकं जोरात मारेल तितका चेंडू खाली बसणार, जाळीत जाणार. ज्या टॉपस्पिनवर सुन यिंग्शानं जग जिंकलं, तोच तिला परत मिळत होता.

१२-१०. मग २-११, अगदी धुऊन काढलं. इथं पुष्कळ जणींचा सामना संपतो. अयहिकानं तिसरा गेम १३-११ ओढून आणला आणि चौथा ११-६. अव्वल क्रमांकाची खेळाडू हरली होती. मी खुर्चीतून उठून उभा होतो आणि सुचत काहीच नव्हतं.

एका बॅटनं जग गोंधळात पडण्याशी आपल्या मुंबईचं जुनं नातं आहे. १९५२ मध्ये आशियातलं पहिलं जागतिक अजिंक्यपद मुंबईत भरलं, तेव्हा जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर चेंडूचा टकटक आवाज ऐकून खेळणाऱ्यांना या बॅटचा आवाजच येईना. तो जगज्जेता झाला. महिला संघांचा कोर्बियाँ चषकही त्याच वेळी जपाननं नेला. बुसानमध्ये महिला संघ खेळत होते ते याच चषकासाठी.

दुसरा सामना मनिका बत्रा वांग मान्यूकडून हरली. १-१. तिसऱ्याला श्रीजा अकुला. समोर वांग यिदी, क्रमवारीत दुसरी. श्रीजा ४९वी. हा विजय मला अयहिकाच्या विजयाहूनही मोलाचा वाटतो. चीनच्या खेळाडूला सरळ तीन गेममध्ये मागं सारलं होतं. ११-७, ११-९, १३-११. भारत २-१ नं पुढे.

चीनविरुद्ध २-१ ही आघाडी फार अवघड असते. उरलेल्या दोनपैकी एकच जिंकायचा असतो, पण त्यांच्या ज्या दोघी पुन्हा येतात त्यांनी आता तुमचा खेळ बघितलेला असतो. अयहिकाला वांग मान्यूनं हरवलं. पाचव्याला मनिका, आणि समोर पुन्हा सुन यिंग्शा. या वेळी ती चुकली नाही. लढत २-३ गेली. त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत जपानही चीनविरुद्ध २-१ नं पुढे होता आणि तोही ३-२ नंच हरला. चीनचा खरा मोठेपणा या चौथ्या-पाचव्या सामन्यांत आहे. तो मान्य करूनच आपल्या मुलींसाठी ओरडायचं.

त्या रात्री मला राग आला नाही, हुरहूर मात्र फार लागली. मनिका दोन्ही सामने हरली म्हणून तिच्यावर टीका झाली, ती मला पटली नाही. अव्वल चीनला हरवण्याच्या इतक्या जवळ पोचलेल्या संघातली तीही एक होती. पाचव्या सामन्याला टेबलाजवळ जायला वेगळी छाती लागते. संघाचं सगळं ओझं एकीच्या मनगटावर येतं, आणि मागं बसलेल्या बाकीच्यांना टाळ्यांशिवाय काहीच करता येत नाही.

भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ पुढं क्रमवारीच्या जोरावर पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेत पोचले. ५ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये महिलांची गाठ रोमानियाशी पडली. २-० अशी आघाडी गेली, २-२ झालं, आणि पाचवा सामना पुन्हा मनिका बत्राच्या वाट्याला आला. तो तिनं ३-० जिंकला आणि भारत उपांत्यपूर्व फेरीत गेला.