नानांची लुना

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातला मोठा सण. बाकीच्या महाराष्ट्रात त्याला अक्षय्य तृतीया म्हणतात. माहेरवाशिणी घरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, खापरावर पुरणाचे मांडे होतात, आमरस होतो, आणि बाप्ये माणसं तेवढा एक दिवस बिनदिक्कत पत्ते कुटतात. २०२४ च्या आखाजीला मात्र धरणगावजवळच्या आमच्या खळ्यावर, सगळ्या भाऊबंदांच्या देखत, मी एका लाल फटफटीवरून तोंडावर आपटलो. ती फटफटी मी माझ्या हातानं घरीच केली होती. त्या पडण्याचीच ही हकिकत आहे.

त्याचं असं झालं. आमचे वडील नाना, यांची एक लुना होती. लुना म्हणजे काय हे चाळिशी ओलांडलेल्यांना सांगायला नको. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगनं ती बाजारात आणली. ५० सीसीचं इवलंसं इंजिन, सायकलीसारखी पायडलं, आणि किंमत अशी की सायकलवाल्या माणसालाही आपण ती घेऊ शकतो असं वाटावं. नानांनी कपाशीच्या पैशातून घेतली. तिच्यावरून सरकीची ढेप आली, खताची गोणी आली, गुरांचा डॉक्टर आला, आणि माझ्या बहिणीच्या लग्नाचा अर्धा बाजारही आला. नाना गेले आणि लुना गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. गोठ्याची ओल आणि गुरांचं मूत लोखंडाला कसं खातं ते आपल्याला ठाऊकच आहे. दहा-बारा वर्षांत सांगाडा खालून पार सडला. इंजिन तेवढं शाबूत राहिलं.

चैत्रात भंगारवाला दारात आला तेव्हा मी लुना काढून द्यायला निघालो. तेवढ्यात पोरगा मध्ये आला. "आप्पा, नानांची लुना देऊ नका."

मला नवल वाटलं. त्याची नुकतीच दहावीची परीक्षा झाली होती. हा मुलगा दिवसभरात मोजून चार शब्द बोलायचा, त्यातले दोन आईशी. अभ्यासात बेताचा. मी शिस्तीचा माणूस, म्हणजे असं मी स्वतःला म्हणायचो. घरचे तापट म्हणायचे. तो आपणहून काही मागतोय हे पाहून मी भंगारवाल्याला परत पाठवलं.

मग त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवली. बुटक्या, जुन्या घाटाच्या फटफट्या. कुणी घराच्या मागल्या पडवीत केलेल्या, कुणी गॅरेजात. मलाही त्यात गोडी वाटू लागली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी छत्रीधारी सैनिकांसाठी वेलबाइक नावाची घडी होणारी छोटी मोटारसायकल केली होती. ती लोखंडी नळकांड्यात घालून विमानातून खाली टाकत. जपानात होंडानं १९६१ साली करमणुकीच्या बागेतल्या पोरांसाठी एक टिंगी गाडी काढली, तिचीच पुढं प्रसिद्ध 'मंकी' झाली. अमेरिकेत तर लोक गवत कापायच्या यंत्राचं इंजिन काढून घरी वाकवलेल्या पाइपावर बसवत. आणि आपल्याकडे? १९७३ साली 'बॉबी' सिनेमा आला आणि त्यातली ती छोटी राजदूत सगळ्या पोरांच्या डोळ्यांत भरली. आमच्या कॉलेजच्या दिवसांतही तिला सगळे 'बॉबी'च म्हणायचे. पोराला म्हटलं, "चल, नानांच्या लुनेची बॉबी करू."

एक अट मात्र मी आधीच घातली. गाडी खळ्याच्या बाहेर जायची नाही. घरी केलेल्या गाडीची नोंदणी होत नाही, आणि अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या सुधारित कायद्यानं पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी भंगारातून छोटी जीप केली, तिचं देशभर कौतुक झालं. आनंद महिंद्र यांनी त्यांना बदल्यात नवी बोलेरो दिली. पण ती जीपही रस्त्याच्या नियमात बसणारी नव्हतीच. कौतुक वेगळं आणि कायदा वेगळा.

कामाला लागलो. घरी विहिरीवरच्या पंपाचे जुने पाइप पडले होते, म्हटलं फुकटात काम होईल. धरणगावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी अडवलं. त्या पाइपांवर जस्ताचा मुलामा असतो. त्यावर कांडी लावली की जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला तर रात्री हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. म्हणून साधा काळा पाइप आणला, एक इंची, दोन मिलिमीटर जाडीचा.

पाइप वाकवायचा म्हणजे तो नुसता वाकवून चालत नाही, आतून चपटा होतो. त्यासाठी आत बारीक वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे मारायचे, भट्टीत लाल करायचा आणि खुंट्यांमधून हळूहळू वळवायचा. वाळू आधी कढईत भाजून कोरडी ठणठणीत करावी लागते. ओली राहिली तर आत वाफ धरते आणि गुट्टा गोळीसारखा सुटतो. जिथं एक पाइप दुसऱ्याला भिडतो, तिथं टोक काणशीनं माशाच्या तोंडासारखं कोरून घ्यायचं, म्हणजे मध्ये फट राहत नाही. हे कोरण्याचं काम पोरानं केलं. एकेका सांध्याला तो तासतास बसायचा. मी म्हणायचो, "पुरे रे, वेल्डिंगमध्ये भरून जाईल." तो मान खाली घालून काणस चालवत राहायचा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे गळा. पुढच्या चाकाचा काटा ज्या नळीत फिरतो ती नळी. ती आम्ही जुन्या लुनेचीच कापून घेतली, कारण बेअरिंगच्या वाट्या तिच्यातच बसतात. ही नळी जाड, आणि तिला जोडायचा पाइप पातळ. गाडीचा प्रत्येक धक्का आधी तिथं येतो.

आता माझी चूक सांगतो. आखाजी चार दिवसांवर आली होती. बहीण येणार, तिला नानांच्या लुनेचं नवं रूप दाखवायचं, या घाईत मी गळ्याचं वेल्डिंग संध्याकाळी घरीच केलं, शेजाऱ्याचं मशीन आणून. त्या वेळेला गावात व्होल्टेज कसं असतं ते मी सांगायला नको. दिवे मिणमिणत होते. कांडी धड पेटेना, चिकटायची. नळीवरचा जुना रंग आणि गंजही मी नीट घासला नव्हता. लोखंड वितळून लोखंडात शिरलंच नाही, नुसतं वर बसलं, थंड तव्यावर तूप थिजावं तसं. दिसायला ओबडधोबड झालं म्हणून ग्राइंडरनं घासून सपाट केलं. म्हणजे होता तोही जोर कमी केला. वरून लांबी भरली, लाल रंग मारला. चकाचक!

आखाजीच्या दिवशी जेवणं झाल्यावर गाडी खळ्यावर आणली. बहिणीनं टाकीवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. टाकी नानांच्या लुनेचीच होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसला, "मामा, मला पुढं बसवा." मी त्याला उचलणार, तोच माझा पोरगा जोरात म्हणाला, "नको! आप्पा, आधी तुम्ही एकट्यानं फिरवा." एवढ्या मोठ्या आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला रागच आला, पण चार माणसांत काय बोलणार? एकटा बसलो. पायडल मारलं, इंजिन सुरू झालं, टाळ्या पडल्या. खळ्याच्या टोकाला बांधाजवळ चाक एका ढेकळावर आदळलं आणि कट्‌ आवाज झाला. पुढचं चाक काट्यासकट निराळं झालं आणि मी जमिनीवर. कोपर सोललं, ओठ फुटला. बाकी देवदयेनं काही नाही. पण पुढं ते लेकरू बसलेलं असतं तर, हा विचार मनात आला आणि उन्हात माझं अंग गार पडलं.

रात्री मी तुटलेला सांधा कंदिलासारखा हातात धरून बघत बसलो होतो. व्होल्टेजला नावं ठेवत होतो, कांड्यांना ठेवत होतो. पोरगा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आप्पा, लांबी भरायच्या आधी मला तिथं चीर दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

तो गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तुम्ही रागावला असता."

माय ओट्यावर बसली होती. तिनं आमच्या अहिराणीत एकच वाक्य टाकलं, "पोऱ्या तुले घाबरस, आनि तू लोखंडले नावं ठेवस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चीर गाडीच्या गळ्यात होती हे खरं, पण ती आधी आमच्या घरात पडली होती आणि तिच्यावर मी शिस्तीची लांबी भरून रंग मारला होता.

दुसऱ्या दिवशी पोराला म्हटलं, "आता मिस्त्री तू, मी गडी. तू सांगशील तसं करायचं." आधी त्याला थट्टा वाटली. मग तो कामाला लागला. सगळा रंग खरवडला. सांधे पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासले. गळा घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी चार ठिकाणी नुसते टिपके दिले, मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं थोडं थोडं वेल्डिंग केलं, म्हणजे उष्णतेनं सांगाडा एका अंगाला ओढत नाही. आच जाड नळीवर जास्त धरली, पातळ पाइपावर कमी. सांध्याखाली त्रिकोणी पत्र्याचा आधार दिला. आणि ग्राइंडर लावू दिला नाही. म्हणाले, "दिसू द्या. चांगला टाका लपवायचा नसतो."

त्यांनी एक परीक्षाही शिकवली, ती वाचकांच्या कामाची आहे. वेल्डिंगवर डिझेल चोळायचं, थोड्या वेळानं फडक्यानं कोरडं पुसायचं, आणि वर पाण्यात कालवलेला खडू लावायचा. खडू वाळला की जिथं चीर असेल तिथं आत राहिलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. आमच्या गळ्यावर रेघ आली नाही. घरी येऊन पोरानं ट्रॉलीचा हुक आणि वखराचे सांधेही तपासले. हुकावर रेघ निघाली! तो हुक आम्ही कपाशीच्या भरल्या ट्रॉलीला रोज लावत होतो.

मृगाच्या आधी फटफटी पुन्हा उभी राहिली. या वेळी कुणाला बोलावलं नाही. आधी सांगाड्यावर ज्वारीची दोन पोती ठेवून हलवून पाहिलं, मग मी चालवली, मग त्यानं. माय खाटेवरून बघत होती. ती अजून खळ्याबाहेर गेलेली नाही. पोरानं अट पाळली आहे.

दहावीला तो बेतानं पास झाला. मला त्याला जळगावला सायन्सला घालायचं होतं. त्यानं हळू आवाजात, पण माझ्या डोळ्यांकडे बघत सांगितलं, "आप्पा, मला आयटीआयला वेल्डर व्हायचंय." मी एक आवंढा गिळला आणि हो म्हटलं. आता संध्याकाळी घरी आला की तो बोलतो. कांडीचा नंबर, करंट किती, आज कुणाचं काम बिघडलं. पुष्कळ वेळा माझी चूकही काढतो.

राग अजून येतो मला. पण आला की मी खळ्यावर जाऊन त्या फटफटीच्या गळ्यावरचा, न घासलेला ओबडधोबड टाका एकदा हातानं चाचपून येतो.